जिथे लाट नाही तिथे उतरू नका

मागच्या शनिवारी आई-बाबांना बॉन्डायला घेऊन गेलो. सिडनीला येऊन बॉन्डाय पाहिलं नाही तर विमानाचे पैसे फुकट, असं बाबांचं मत. बाबा कृष्णेत पोहायला शिकलेले. पाण्याबद्दल त्यांना कोणी काही सांगायचं नसतं.

गेल्या गेल्या त्यांनी दक्षिणेच्या टोकाकडे बोट दाखवलं. "ते बघ, तिथे लाटाच नाहीत. तिथेच उतरू."

"बाबा, सगळीकडे चालेल, तिथे नको."

त्या जागेला इथे 'बॅकपॅकर्स रिप' म्हणतात. नवखे प्रवासी तिथेच उतरतात आणि सापडतात, म्हणून. कारण साधं आहे. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. ते वाळूतल्या खोल खाचेतून जातं. खोल म्हणून तिथे लाट फुटत नाही आणि पाणी गडद, शांत दिसतं. आमच्या धंद्यातही ज्या सर्व्हरची काहीच तक्रार येत नाही त्याचीच मला जास्त भीती वाटते!

बाबांचं म्हणणं, "झेंड्यांमध्ये पोरंटोरं खेळतायत. आम्ही काय नवशिके?"

इथेच आपलं चुकतं. प्रश्न पोहता येण्याचा नाहीच. रिपच्या उलट पोहून पट्टीचा पोहणाराही दमतो, आणि माणूस बुडतो तो दमल्यामुळे. रिप तुम्हाला खाली ओढत नाही, आत नेते. तेव्हा घाबरायचं नाही, तरंगत राहायचं, हात वर करायचा. जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून फुटणाऱ्या लाटांकडे जायचं. लाल-पिवळे झेंडे त्या दिवसाचं पाणी बघून लावतात, वाळू सरकली की झेंडेही सरकतात. पाणी वाचायला शिकलेल्या माणसाने आपल्यासाठी आयतं उत्तर काढून ठेवलंय, ते घेण्यात कसला कमीपणा?

आणि झेंडे असले तरी समुद्र समुद्रच. ६ फेब्रुवारी १९३८ ला याच किनाऱ्यावर लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी वाळूच्या उंचवट्यावरची माणसं आत ओढून नेली. सुमारे २५० जणांना वाचवावं लागलं, ५ जण गेले. जीवरक्षक हजर होते, म्हणून आकडा तिथे थांबला. म्हणून माझा नियम: झेंडे आणि जीवरक्षक नसतील तर पाण्यात जायचं नाही, वाळूवर बसून भजी खायची. कोकणात 'पोहणे धोक्याचे' या पाटीला टेकून फोटो काढणाऱ्यांनाही हेच सांगणं.

असो. बाबा शेवटी झेंड्यांमध्येच उतरले. तासाभराने बाहेर येऊन म्हणाले, "पाणी फार खारट आहे. बाकी ठीक."