चांदीची गाडी आणि पत्र्याची गाडी

गेल्या वर्षी वडील निवर्तले. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंची आवराआवर करताना ट्रंकेच्या तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळलेली एक खेळण्यातली आगगाडी हाती आली. चावीचे इंजिन, त्यामागचा कोळशाचा टेंडर, दोन डबे आणि रुळांचे काही तुकडे. लहानपणी दिवाळीत तिचे दर्शन घडे. हात लावण्याची मात्र मुभा नसे. कारण या गाडीला आमच्या घरात एक कथा होती. पणजोबा ग्वाल्हेर दरबारच्या लहान रेल्वेत नोकरीस होते. १९०९ साली त्या रेल्वेचा मार्ग श्योपुरापर्यंत पोचला, तेव्हा माधवराव महाराजांनी प्रसन्न होऊन ही गाडी त्यांना बक्षीस दिली, अशी ती कथा.

कथेवर अविश्वास दाखवण्याचे मला कधी कारण पडले नाही. म्हणून शाळेच्या वार्षिक प्रदर्शनात ती गाडी मी काचेच्या पेटीत मांडली आणि ‘महाराजांची भेट, १९०९’ अशी चिठ्ठी स्वहस्ते लिहून लावली. आठवीतील एक मुलगा बराच वेळ पेटीजवळ उभा होता. त्याने विचारले, ‘‘सर, ग्वाल्हेरच्या राजचिन्हात तर नाग असतो ना? मग या टेंडरवर चाकाशी उभा असलेला सिंह कोणाचा?’’

मजजवळ उत्तर नव्हते. मुख्याध्यापकाला हे कबूल करताना थोडे जड जाते, पण ते कबूल केले आणि त्या रात्री गाडी भिंगाखाली घेऊन बसलो.

वाचकहो, अशा वस्तूची ओळख पटवण्याची रीत फारशी अवघड नाही. प्रथम ती उलटी करून तिच्यावरील अक्षरे वाचावीत. आमच्या इंजिनावर ‘हॉर्नबी’ आणि ‘मेकॅनो लिमिटेड’ ही नावे निघाली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली मेकॅनो या जोडखेळण्याचे पेटंट घेतले. आगगाड्या मात्र त्यांच्या कारखान्यातून १९२० पासून बाहेर पडू लागल्या. म्हणजे १९०९ हे साल तेथेच निकालात निघाले. नंतर रुळांमधील अंतर मोजावे. ते ३२ मिलिमीटर भरले. ‘ओ’ नावाने ओळखले जाणारे हे माप त्या काळी घरगुती गाड्यांत सर्वत्र रूढ होते. शेवटी गाडीवर कोणत्या रेल्वे कंपनीचे चिन्ह आहे ते पाहावे, कारण खेळणी करणारे खऱ्या गाड्यांचेच रंग व अक्षरे उतरवीत. इंग्लंडमधील अनेक लहानमोठ्या कंपन्यांचे १९२३ च्या आरंभी चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले, आणि १ जानेवारी १९४८ रोजी त्या चारही सरकारजमा होऊन ‘ब्रिटिश रेल्वेज’ अस्तित्वात आली. चाकाशी उभा असलेला सिंह हे त्या सरकारी रेल्वेचे चिन्ह. माधवराव महाराज १९२५ साली कैलासवासी झाले होते. पणजोबाही स्वातंत्र्य पाहू शकले नाहीत.

कोणा वाचकाच्या घरी अशी वस्तू असेल, तर आणखी काही खुणा उपयोगी पडतील. ‘जीबीएन’ ही अक्षरे न्यूरेंबर्गच्या बिंग बंधूंची. तो कारखाना १९३० नंतरच्या मंदीत बुडाला. ‘ऑक्युपाइड जपान’ असा छाप असेल, तर ती वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरची आणि १९५२ पूर्वीची. गाडी घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. पत्र्यावरील मूळ रंग एकदा गेला की पुरावाही गेला. जुन्या रंगात बहुधा शिसे असते, म्हणून लहान मुलांच्या तोंडाशी ती जाऊ देऊ नये. जस्ताच्या मिश्रधातूची चाके तडकलेली दिसली, तर चावी देण्याचा हट्ट धरू नये.

आता उरला प्रश्न कथेचा. ती खोटी ठरली हे आत्याला कसे सांगावे, या विवंचनेत मी आठ दिवस घालवले. ब्याऐंशी वर्षांची आत्या, वडिलांची थोरली बहीण, हीच त्या कथेची शेवटची साक्षीदार. अखेर सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘अरे, नानांनी स्वतः कधी महाराजांचे नाव घेतले नव्हते. राजवाड्यात जेवणाच्या मेजावर चांदीची गाडी फिरते, हे आम्ही मुलांनी ऐकलेले. तिच्यात आमची गाडी केव्हा मिसळली, ते देवाला ठाऊक.’’

जयविलास महालातील ती चांदीची गाडी आजही पाहता येते. मद्याच्या सुरया घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरे, आणि सुरई उचलली की जागीच थांबे.

आत्या पुढे सांगू लागली. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर येथील कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कुटुंबांप्रमाणे आमच्या आजोबांचीही येथे बदली झाली. वडील तेव्हा नऊ वर्षांचे. ग्वाल्हेरच्या वस्तीतून जाणारी दोन फुटी रुळांची गाडी रोज पाहण्याची त्यांना सवय. भोपाळात ती नाही म्हणून त्यांनी दोन दिवस अन्न घेतले नाही. पुढे कचेरीच्या कामासाठी आजोबा मुंबईस गेले आणि येताना ही पेटी घेऊन आले. त्या वर्षी घरात कोणासही दिवाळीचे नवे कपडे झाले नाहीत. ‘‘मला परकर हवा होता,’’ आत्या म्हणाली, ‘‘म्हणून नीट आठवते.’’

ग्वाल्हेरची ती लहान गाडीही २०२० साली धावायची थांबली.

प्रदर्शनातील चिठ्ठी मी बदलली आणि आठवीच्या वर्गात जाऊन चूक सांगितली. तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडूनच नवी चिठ्ठी लिहवून घेतली. आत्याचे बोलणे मात्र तारीख घालून वेगळ्या वहीत उतरवले, आणि राजवाड्याची कथाही ‘घरात असे सांगत’ म्हणून खाली नोंदवली. वस्तू आपले साल स्वतः सांगते. ती कोणासाठी आणली, हे सांगणारे माणूस लागते. वाचकांनी आपल्या घरची ट्रंक उघडावी, पण त्याआधी घरातील वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसावे. ट्रंक थांबेल.