अजिंठ्याला जायचं, तर वरून!

ट्रिपसाठी अजिंठ्याचं नाव निघालं की हॉस्टेलवर निम्मी जनता म्हणते, "शाळेत असताना बघितलंय यार!" माझं स्पष्ट मत आहे, नाही बघितलेलं.

आपण जातो कसे? शंभर किलोमीटर गाणी म्हणत, फर्दापूर फाट्यावर उतरून चार किलोमीटर दुसऱ्या बसने, मग पायऱ्या, पद्मपाणीसमोर गर्दी, आणि चला परत. गाईडकाका जातककथा मस्त रंगवतात, त्यात वादच नाही. पण ज्या दगडात हे सगळं कोरलंय, त्याबद्दल बहुतेक वेळा एक अक्षर नाही! अहो, हा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून तो थरावर थर वाहत आला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पुस्तकातल्यासारखा टोकदार ज्वालामुखी इथे शोधू नका, आपल्याकडचे डोंगरमाथे सपाट. हे थर पायऱ्यांसारखे दिसतात म्हणून 'डेक्कन ट्रॅप'. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना आधी सापळाच आठवतो!)

हा जिना दिसतो तो समोरच्या व्ह्यू पॉइंटवरून. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली तीही समोरच्या डोंगरावरून, असं सांगतात. पावसाळ्यात तिथे उभं राहिलं की खाली घोड्याच्या नालेसारखी वळलेली वाघूर, टोकाला सातकुंडाचा धबधबा, हिरवीगार दरी आणि काळ्या कड्यात ओळीने लेणी. नदीने लाव्हा कापला म्हणून कडा उघडा पडला, कडा होता म्हणून लेणी झाली. खालून हे कळतच नाही.

म्हणून बसने आपल्याला वर सोडावं आणि स्वतः फाट्यावर जाऊन थांबावं. आपण दरीत चालत उतरू. पाऊस असेल तर वाट निसरडी, म्हणून चपला नकोत, शूज हवेत. गाईडकाका सोबत हवेतच, पण सिव्हिलला जिऑलॉजी शिकवणारे सरही हवेत. खालचे विक्रेते चमकणारे स्फटिक विकतात, आपण वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये पुढे पाण्यामुळे तयार झालेले ते झिओलाइट, हे सर दोन मिनिटांत दाखवतील. २४ नंबरचं लेणं अर्धवट राहिलंय म्हणून सगळे वगळतात. सिव्हिलवाल्यांनी तर तिथेच अर्धा तास बसावं, दगड कसा फोडत गेले ते तिथे कळतं.

"कॉम्प्युटरवाल्यांना याचा काय उपयोग?" असं कोणीतरी विचारणारच. मग जातककथांचा तरी सबमिशनला काय उपयोग होतो?

एकाच दिवसात वेरूळही उरकण्याचा हट्ट मात्र सोडावा लागेल. तारीख ऑगस्टमधली धरा. सोमवार नको, लेणी बंद असतात.