मोबाईलच जिंकतो, मग मी कशाला खेळू?



आमच्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला मुलं बैठे खेळ खेळतात. बुद्धिबळाचा पट आहे, पण मोहरे निम्मे हरवलेत. म्हणून मी बाटल्यांची लाल आणि पांढरी झाकणं जमवली आणि मुलांना चेकर्स शिकवलं. पटावरची फक्त ३२ काळी घरं वापरायची. दोघांकडे १२-१२ सोंगट्या. चाल तिरकी. समोरची सोंगटी उडी मारून उचलायची, आणि मारता येत असेल तर मारायलाच हवं. शेवटच्या रांगेत पोहोचली की सोंगटीचा राजा होतो.

चौथीतला एक मुलगा या खेळात छान रमला होता. मग सलग दोन शनिवार तो पटाजवळ फिरकलाच नाही. विचारलं तर म्हणाला, "बाई, पप्पांच्या मोबाईलमध्ये हा गेम आहे. दर वेळी तोच जिंकतो. मोबाईलला सगळंच येतं, मग मी कशाला शिकू?"

मी घाईत म्हणाले, "असं बोलू नये. प्रयत्न करत राहावं." तो मान हलवून निघून गेला. घरी जाताना माझ्या लक्षात आलं की मी त्याला उत्तर दिलंच नाही, फक्त गप्प केलं. आणि प्रश्न काही एका खेळापुरता नव्हता. पाढ्यांबद्दल, निबंधाबद्दल हाच प्रश्न येतोय. पालकसभेतही येतो.

पुढच्या शनिवारी मी वर्गाला एक खरी गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते.

अमेरिकेत मॅरियन टिन्सली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. चेकर्समध्ये त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. १९५० पासून पुढच्या ४५ वर्षांत ते १० डावसुद्धा हरले नाहीत. झालं असं की त्यांच्यासमोर बसणारे खेळाडू जिंकायचा विचारच सोडून द्यायचे आणि कशीबशी बरोबरी साधायला बघायचे.

१९८९ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'चिनूक' नावाचा संगणक प्रोग्रॅम तयार करायला घेतला. १९९० मध्ये टिन्सली चिनूकशी एक मैत्रीचा डाव खेळले. चिनूकने दहावी चाल केली आणि टिन्सली लगेच शेफरना म्हणाले, याचा तुम्हाला पश्चात्ताप होईल. तेव्हा संगणकाच्या हिशोबात सगळं ठीक चाललं होतं. शेवटी चिनूक तो डाव हरला. शेफर यांनी नंतर तपासून पाहिलं, तेव्हा टिन्सलींचंच बरोबर निघालं.

त्याच वर्षी चिनूकने जगज्जेत्याला आव्हान देण्याचा हक्क मिळवला. पण खेळाच्या संघटना संगणकाला किताबासाठी खेळू द्यायला तयार नव्हत्या. टिन्सलींना तिथेच थांबता आलं असतं. किताबही सुरक्षित राहिला असता. त्यांनी उलट केलं. आपला किताब सोडून दिला आणि संगणकाशी खेळायला तयार झाले. शेवटी संघटनांनी माणूस विरुद्ध यंत्र असा वेगळा किताब ठेवला.

१९९२ मध्ये लंडनला सामना झाला. टिन्सली तेव्हा ६५ वर्षांचे होते. त्यांनी ४ डाव जिंकले, चिनूकने २, आणि ३३ डाव बरोबरीत सुटले. त्या चारातला एक डाव संगणक मध्येच अडकल्यामुळे त्यांना मिळाला, हेही मी मुलांना सांगितलं. १९९४ मध्ये बॉस्टनला पुन्हा सामना झाला. पहिले सहाच्या सहा डाव बरोबरीत सुटले. मग प्रकृतीमुळे टिन्सलींना माघार घ्यावी लागली. त्यांना कर्करोग झाला होता. किताब चिनूकला मिळाला आणि १९९५ मध्ये टिन्सली वारले. शेफर यांचं काम मात्र चालूच राहिलं. २००७ मध्ये त्यांनी सिद्ध केलं की दोन्ही बाजूंनी एकही चूक झाली नाही, तर चेकर्सचा डाव बरोबरीतच सुटतो. या कामाला सुरुवातीपासून १८ वर्षं लागली.

मला वाटतं, त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर या गोष्टीत आहे. टिन्सलींना खेळायची काय गरज होती? गरज एवढीच की त्यांना तोडीचा प्रतिस्पर्धी हवा होता. चिनूक न घाबरता खेळायचा, म्हणून त्याच्याशी खेळायला त्यांना आवडायचं. जिंकणं-हरणं पटावरच राहतं. विचार करून डोकं तयार होतं, ते मात्र आपल्याजवळ राहतं. सायकल आपल्यापेक्षा जोरात जाते, म्हणून आपण मुलांना पळायचं नाही असं सांगत नाही.

म्हणून मोबाईल सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. फरक वापरात आहे. मोबाईल समोरचा खेळाडू असेल, तर मूल स्वतः विचार करतं, चुकतं, पुन्हा मांडतं. मोबाईल उत्तर देणारा असेल, तर मूल फक्त उतरवून काढतं. सात आठे किती, हे ज्याला मनात येतं, त्यालाच कॅल्क्युलेटरवर चुकीचं बटण दाबलं गेल्याचं कळतं. दहाव्या चालीला टिन्सलींना धोका दिसला, कारण आयुष्यभर त्यांनी स्वतःच्या डोक्याने डाव मांडले होते.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगायला हवी. चिनूक आभाळातून पडला नाही. माणसांनीच तो बनवला, हरला की चूक शोधली, दुरुस्त केली. १८ वर्षं. चिकाटीचा धडा टिन्सलींच्या बाजूला जेवढा आहे, तेवढाच शेफर यांच्या बाजूलाही आहे.

मी वर्गात आता एकच नियम ठेवलाय : आधी आपलं डोकं, मग मोबाईल. उत्तर चुकलं तरी चालेल, पण पहिलं उत्तर स्वतःचं हवं. पालकांनाही विनंती आहे, घरी एवढं पाळा. लेकराने गणित विचारलं की लगेच मोबाईल पुढे करू नका. पाच मिनिटं त्याच्यासोबत अडून बसा.

गोष्ट संपल्यावर तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, म्हणजे मोबाईलशी बरोबरी झाली तरी चालेल?"

म्हटलं, "चालेल की! टिन्सलींनी तेच केलं, सहा वेळा."

आता तो घरी सोप्या पातळीवर खेळतो आणि कुठल्या चालीला फसला, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून आणतो. अजून हरतोच. पण शनिवारी झाकणं मांडायला सगळ्यात आधी तोच येतो.