घरची रेसिपी विकायचीय? आधी ती वजनकाट्यावर ठेवा



"आमच्याकडे आजीपासून सफरचंदाचा एक गोड पदार्थ बनतो, सगळे बोटं चाटत बसतात. विकू का?" बेकिंग करणारे बरेच जण हे विचारतात. माझं उत्तर: जरूर विका. पण 'आजीच्या हाताची चव' ही तुमची जाहिरात आहे, तेवढ्यावर धंदा चालत नाही. पहिला तुकडा गोष्टीवर खपतो. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक येतं ते चव तीच लागली तर.

फ्रान्समधलं एक उदाहरण बघा. लामोत-बव्रों गावात रेल्वे स्टेशनसमोर तातँ कुटुंबाचं हॉटेल होतं. १९ व्या शतकाच्या अखेरीस ते दोन बहिणी चालवायच्या. स्तेफनी स्वयंपाकघर सांभाळायची, कॅरोलिन गिऱ्हाईक आणि कारभार बघायची. त्यांचा उलटा सफरचंद टार्ट आज जगभर 'टार्ट तातँ' या नावाने विकला जातो. तो चुकून उलटा झाला, अशी गोष्ट सांगतात. पण असे टार्ट त्या भागात आधीपासून बनत होते. रेसिपी गुपित नव्हतीच! तरी नाव त्यांचं झालं. माझ्या मते कारण साधं आहे: स्टेशनवर उतरणाऱ्याला तो पदार्थ तिथे मिळत राहिला.

आता हाच टार्ट घरी करायचा म्हटला तर? तव्यात साखर-बटरचं कॅरमल, त्यावर सफरचंदाच्या फोडी, वर पिठाची पोळी, मग ओव्हन. बाहेर काढल्यावर गरम असतानाच ताटात उलटा करायचा, नाहीतर कॅरमल तव्यालाच धरून बसतं. कॅरमल नेमकं कुठल्या रंगावर थांबवायचं, हे आईला डोळ्यांनी कळतं. ते तिचं ज्ञान आहे, आणि ते फक्त तिच्याकडे आहे. ती आठवडाभर आजारी पडली तर ऑर्डरचं काय करणार?

म्हणून तिच्या शेजारी डिजिटल काटा घेऊन बसा. प्रत्येक 'मूठभर' आधी वजन करा, मगच भांड्यात टाका. मिनिटं लिहा, ओव्हनचं तापमान लिहा. सफरचंद कुठलं, तेही लिहा. आपल्या बाजारातली गोड लाल सफरचंदं शिजवल्यावर बऱ्याचदा मऊ पडतात. ग्रॅनी स्मिथसारखं आंबट, टणक फळ आकार धरतं, पण महाग पडतं. फळ बदललं की साखर आणि लिंबू बदलणार. साल आणि गाभा गेल्यावर वजन घटतं, पण पैसे तुम्ही पूर्ण किलोचे मोजलेले असतात.

आता हिशोब. समजा एका टार्टला सफरचंद १८० रुपये, बटर ९०, मैदा-साखर २५, वीज २०, बॉक्स ३०. झाले ३४५. तुम्ही ४५० ला विकता आणि म्हणता, १०५ सुटले. पण आईचा दीड तास कुठे गेला? तासाला १०० धरले तरी १५० होतात. म्हणजे खर्च ४९५, आणि प्रत्येक टार्टमागे ४५ रुपये आई स्वतःच्या कष्टातून भरतेय. बीबीएला कॉस्टिंग शिकताना मजुरी कधी सोडली नाही, मग घरातल्या बाईची का सोडायची? तिचा वेळ फुकट धरून काढलेल्या नफ्याला मी नफा म्हणत नाही.

घरून विकत असाल तरी एफएसएसएआय नोंदणी लागते. पिठात अंडं असेल तर पॅकवर मांसाहारी चिन्ह लावावं लागतं. आजी घरात सांगायची तसं "थोडंसंच आहे" इथे चालत नाही.

काही जण म्हणतात, "लिहून ठेवली तर कोणीतरी चोरेल." अहो, लिहिलेला कागद कपाटात कुलूप लावून ठेवता येतो. न लिहिलेली रेसिपी माणसाबरोबर जाते, आणि मग घरातल्यांनाही ती चव परत मिळत नाही.

तर या रविवारी एकच काम करा. काटा, वही आणि आई. तीन वेळा तोच टार्ट करा, तिसरा तुम्ही एकट्याने, फक्त वही बघून. आईने खाऊन "हाच" म्हटलं, की मग किंमत ठरवायला बसू.

भेटू पुढच्या व्हिडिओत!