फांदीत झाड, झाडात जंगल

फ्लॉवरचा गड्डा चिरायला घ्याल तेव्हा त्याचा एक तुरा अलगद मोडून मुलांच्या हातात द्या. तो तुरा म्हणजे छोटा फ्लॉवरच. त्यातून आणखी बारीक तुरा काढला, तरी आकार तोच. जिथे भाग हा पूर्ण वस्तूसारखाच दिसतो, अशा आकारांना बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९७५ साली 'फ्रॅक्टल' हे नाव दिले. लॅटिनमधल्या 'तुटलेला' या अर्थाच्या शब्दावरून ते आले आहे.

शाळेच्या भूमितीत आपण वर्तुळ, त्रिकोण, दंडगोल शिकतो. दारातला कडुनिंब त्यांपैकी कशातच बसत नाही. त्याच्या खोडाला फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या आणि डहाळ्यांना आणखी बारीक काड्या. प्रत्येक पायरीवर तीच रचना पुन्हा येते आणि पानाच्या देठाशी थांबते. म्हणजे झाड हे आपल्यापुरते फ्रॅक्टलच.

पण यात मोजण्यासारखे काय आहे? सुमारे ५०० वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंची या इटालियन चित्रकाराने आपल्या वहीत एक निरीक्षण नोंदवले होते. झाडाच्या कोणत्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या, तर त्यांची जाडी खोडाच्या जाडीइतकी भरते. इथे जाडी म्हणजे फांदी आडवी कापल्यावर दिसणाऱ्या चकतीचे क्षेत्रफळ.

हे घरी करून बघता येते. शिवणाची टेप घ्या. जिथे एका फांदीच्या दोन फांद्या होतात, तिथे जोडाच्या थोडे खाली आणि थोडे वर असे तिन्ही घेर मोजा. समजा वरचे घेर ३० आणि ४० सेंटिमीटर आहेत. त्यांचे वर्ग ९०० आणि १६००, बेरीज २५००. म्हणजे खालचा घेर ५० च्या आसपास यायला हवा, ७० नव्हे. अगदी तंतोतंत जुळणार नाही, कारण झाडाला वारा, सावली, छाटणी असे बरेच काही सोसावे लागते. पण पायथागोरसचा हिशेब झाडावर उतरलेला पाहून सातवी-आठवीतली मुले खूश होतात.

असे का होते? १९६४ साली जपानी शास्त्रज्ञांनी एक सोपी कल्पना मांडली. झाड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. प्रत्येक नळी ठरावीक पानांना पाणी पोचवते. नळ्या वाटेत फांद्यांमध्ये विभागल्या जातात, पण त्यांची एकूण संख्या तेवढीच राहते. म्हणून खोडाची चकती जेवढी मोठी, तेवढी पाने जास्त. घेर दुप्पट तर पाने साधारण चौपट.

पुढे जेफ्री वेस्ट हे भौतिकशास्त्रज्ञ आणि जेम्स ब्राउन व ब्रायन एन्क्विस्ट हे पर्यावरण अभ्यासक यांनी हा विचार थेट जंगलापर्यंत नेला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशातील ग्वानाकास्ते भागातल्या जंगलाची मोजमापे आहेत. एका झाडात दुप्पट जाड फांद्या जशा एक चतुर्थांश असतात, तशीच जंगलात दुप्पट जाड झाडे साधारण एक चतुर्थांश असतात, असे त्यांचे म्हणणे. कारणही तेच. दुप्पट जाड झाडाला पाणी आणि ऊन चौपट लागते, म्हणून तेवढ्या जागेत ती चौथा हिस्साच मावतात. जंगल म्हणजे जणू एक मोठे झाड आणि त्यातले प्रत्येक झाड ही त्याची फांदी.

हा नियम सगळीकडे चालत नाही. इतर अभ्यासकांनी अनेक उष्ण प्रदेशांतली जंगले मोजली, तेव्हा तिथले आकडे यापासून बरेच वेगळे निघाले. दाट सावलीत लहान झाडांना ऊन कमी मिळते, वादळात मोठी झाडे उन्मळून पडतात. पण हा फरकही काही सांगून जातो. मोठी झाडे भरपूर आणि पोरसवदा रोपे जवळजवळ नाहीत, असे दिसले तर विचारावे की रोपे कोण खाते, कोण जाळते? ज्या घरात फक्त म्हातारी माणसे उरली, त्या घराची काळजी वाटतेच ना!

आता आपल्या गल्लीतला प्रश्न. रस्ता रुंद करताना जुने झाड पडते, तेव्हा 'एकाच्या बदल्यात दहा लावू' असे ऐकू येते. हिशेब करा. जुन्या झाडाचा घेर २०० सेंटिमीटर, रोपाचा ५. घेर ४० पट, म्हणून चकती ४० गुणिले ४०, म्हणजे १६०० पट. तेवढ्या पानांसाठी १६०० रोपे हवीत! जुन्या खोडाच्या गाभ्यातून पाणी वाहत नाही, म्हणून हा आकडा काटेकोर नाही, खरा आकडा कमी भरेल. पण दहा रोपांनी ती सावली भरून निघत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

रोपे जरूर लावा आणि जगवा. ती वाढेपर्यंत मात्र उभे असलेले मोठे झाड हेच आपले खरे जंगल आहे. या सुट्टीत मुलांना टेप द्या आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर वहीत तारखेसह लिहायला सांगा. उद्या कोणी कुऱ्हाड घेऊन आले, तर बोलायला आकडे हाताशी असतील.