‘औषधाविना’ म्हणजे औषधाऐवजी नव्हे

दंडावर बांधायच्या विद्युत-उपकरणाने अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, शमते हा दावा निराधार नाही. २०१९ च्या चाचणीत दोन तासांत सुमारे ६७ टक्के रुग्णांची वेदना हलकी झाली. परंतु बनावट उपकरण बांधलेल्यांपैकीही ३९ टक्क्यांची झाली. उपकरणाचा खरा लाभ या दोहोंतील अंतराएवढाच! त्यातून ‘गोळ्या सोडा’ हा निष्कर्ष निघत नाही.

दिल्लीच्या एम्समधील ११४ रुग्णांचा २०२० चा अभ्यास पाहावा. औषधांसोबत योग करणाऱ्यांची डोकेदुखी तीन महिन्यांत मासिक ९.१ वेळांवरून ४.७ वर आली. केवळ औषधे घेणाऱ्यांची ७.७ वरून ६.८ वर. तेथे योग औषधांच्या जोडीला होता, जागी नव्हे. उपकरणालाही हाच न्याय हवा. परस्पर औषधे थांबवणारा रुग्ण औषधमुक्त होत नाही. तो वेदनेच्या स्वाधीन होतो.