स्वाक्षरीचे मोल
विमा हा परस्परविश्वासाचा करार आहे. परंतु प्रतिनिधीने पुढे केलेल्या कोऱ्या प्रस्तावपत्रावर डोळे झाकून स्वाक्षरी करणे हा विश्वास नव्हे. त्यात न नोंदविलेल्या आजाराची किंमत पुढे विमाधारकाच्या पत्नीला व मुलांना मोजावी लागते. १९३८च्या विमा कायद्यातील कलम ४५ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, आयुर्विम्याची पॉलिसी ३ वर्षांनंतर कोणत्याही कारणास्तव आक्षेपार्ह ठरविता येत नाही. त्यापूर्वी मात्र दडविलेली माहिती दाव्याच्या आड येते. पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत परत करण्याचा अधिकार आहे. कंपनीने तक्रारीची दखल न घेतल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. हे अधिकार सत्यकथनाच्या पायावरच उभे राहतात. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतः वाचून, तपासून मगच स्वाक्षरी करणे, हे कुटुंबप्रमुखाचे कर्तव्यच होय.